हा भाग ऐकू नकोस

ती. आईस,

नमस्कार. मी बरा आहे. मोडलाय तो डावा हात, म्हणून अक्षर नेहमीचंच आहे. तुझ्या डोळ्यांत थेंब कोण घालतं? ताईला वेळ होतो का?

आम्ही तीन प्राध्यापक विभागाच्या खोलीत बसून इथल्या भाषेत पॉडकास्ट करतो, या खंडाचं राजकारण आणि इथल्या लोकांचं रोजचं जगणं यावर. मंगळवारी विषय साधा होता: कुणाच्या गल्लीत पाणी येतं आणि कुणाच्या नाही. तेवढ्यात सहा जण गज घेऊन आत शिरले. इतिहासाच्या बाई म्हणाल्या, "बसा की, खुर्च्या आहेत." पहिला फटका त्यांच्याच तोंडावर बसला. दात टेबलावर पडले. मी मध्ये गेलो, तेव्हा दोघांनी माझा हात खिडकीच्या चौकटीत धरला आणि तिसऱ्याने मोडला. माइक चालूच होता.

बाईंचा जबडा तारांनी बांधलाय. त्यांनी कागदावर लिहून दिलं, "रेकॉर्डिंगमधलं काही कापू नका." तिसऱ्या सहकाऱ्याने मला हळूच विचारलं, "तुझं ओरडणं तरी काढू?" मी नको म्हटलं. बाईंचं ठेवायचं आणि माझं काढायचं, कोणत्या तोंडाने?

फक्त हे पत्र तुला मिळेपर्यंत हा भाग टाकू नका, असं सांगितलंय.

एक शब्द कळत नसताना तू प्रत्येक भाग ऐकतेस, माझा आवाज येतो म्हणून. हा ऐकू नकोस. त्यात मी तुला हाका मारल्या आहेत, आणि त्या तेवढ्या तुला कळतील.

तुझा,
धाकटा