अयाकातलं मीठ

१३ डिसेंबर

केळीची पानं आली! उद्या कालवण, परवा नाताळच्या अयाका बांधायच्या — मक्याच्या पिठात कालवण भरून पानाच्या पुड्या.

सुनेचा या घरातला पहिलाच डिसेंबर. नोएली. जुलैत लग्न होऊन आली, ताचिराच्या डोंगरातली — नवऱ्याला अहो, मांजरालाही अहो! सकाळी विचारते कशी, "आई, तुमच्याकडे काबुली चणे कधी भिजत घालतात?" चणे! अयाकात! आणि मांस म्हणे कच्चंच भरतात. मी म्हटलं, "बाई गं, ही कराकसची चूल आहे. इथे कालवण शिजवून भरतात." लेक, योएल, हसला. तीही हसली, पण कानापर्यंत लाल झाली.

माझ्या अयाकांचं गल्लीत नाव आहे. ते घालवायचं नाही.

इथे लिहायला हरकत नाही, दुसरं कोण वाचतंय! सप्टेंबरच्या तापापासून मला वास येत नाही. चवही नाही. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी. कुणालाच सांगितलेलं नाही. लेकालाही नाही. सांगितलं की पळी हातातून गेलीच. पण स्वयंपाक एकदा तरी बिघडलाय का? नाही. हाताला सगळं पाठ आहे.

१४ डिसेंबर

कालवण झालं. नोएली सकाळपासून चुलीपाशी घुटमळत होती. "आई, मी ढवळू? आई, जरा चाखून बघू?" आमच्या घरात ढवळणारीशिवाय कुणाचा चमचा भांड्यात जात नाही, सासूबाईंपासूनचा नियम आहे. शेवटी तिला अंगणात पानं पुसायला धाडलं. तरी पुन्हापुन्हा दारात येऊन उभी! चोंबडी कुठली.

१५ डिसेंबर

लिहवत नाही.

सगळे टेबलाशी बसलो होतो. मी पानावर मक्याचं पीठ थापत होते, नणंद एउदोसिया कालवणावर ऑलिव्ह आणि बेदाणे मांडत होती, योएल पानाची घडी घालत होता, नोएली दोऱ्याने बांधत होती. गाणी चालू. पहिली अयाका उकडून निघाली. योएलने सोडली, घास घेतला — आणि थांबला.

"आई... मीठ!"

एउदोसियाने तर घास हातावरच काढला. "अगं बाई, समुद्र उकळलाय का काय!"

आणि मी काय केलं? वळून म्हटलं, "नोएली, तू झाकण उघडलं होतंस ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "हो आई. चुकलं माझं."

चोर सोडून संन्याशाला फाशी! मिठाची मूठ माझी. वरची मूठही माझीच — पहिली पडली की नाही, ते जीभ सांगेना म्हणून.

१६ डिसेंबर

लाज वाटते.

१९ डिसेंबर

एउदोसियाने गावभर केलं. पावाच्या दुकानात बाई म्हणते, "यंदा तुमच्या अयाका शेजारीपाजारी फिरल्या नाहीत! डोंगरातल्या सुनेने मीठ ओतलं म्हणे?" मी हसले. हसले! नोएली बाजूलाच उभी होती, पाव हातात घेऊन. येताना माझी पिशवीही तिनेच उचलली. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ डिसेंबर

सांगितलं.

जेवायला बसल्यावर योएलने दरवर्षीप्रमाणे ग्लास उचलला — "जगातली सगळ्यात भारी अयाका माझ्या आईची!" मग बायकोकडे वळून, "पुढच्या वर्षी तू भांड्यापासून लांब हां. पानं पूस फक्त." सगळे हसले. नोएलीही हसायला गेली, पण तिला जमलं नाही.

"मीठ मी घातलं," मी म्हटलं. "नाक मेलंय माझं, चवही गेलीय. हिने झाकणाला हातसुद्धा लावला नव्हता."

एउदोसियाचा काटा हवेतच राहिला. योएलला बायकोकडे बघवेना. मला वाटलं होतं, बोलले की हलकं वाटेल. छे! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२५ डिसेंबर

भांडी घासताना नोएलीला विचारलं, "तेव्हाच का बोलली नाहीस गं?"

म्हणाली, "आई, मला सप्टेंबरपासून माहीत आहे. रोज तुमची पाठ वळली की मी चाखून नीट करायची. त्या दिवशी तुम्ही मला अंगणात धाडलंत."