मधोमध दोनच

११ मार्च २००३, मंगळवार. बिबवेवाडी

गच्चीवरची मधमाश्यांची पेटी संपल्यातच जमा आहे. आज खडकीहून जुने मधपाळ वसंतराव येऊन बघून गेले. राणी मेली, एकही अंडं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी पोळ्यावर नव्या राणीची घरं दिसली. भुईमुगाच्या शेंगेएवढी, दोन. वाटलं, निम्म्या माश्या आता पेटी सोडून उडणार. दोन्ही घरं अंगठ्याच्या नखाने खुडून टाकली.

"कुठे होती?" वसंतरावांनी विचारलं.

"पोळ्याच्या मधोमध."

"अहो, उडायचं असतं तर खालच्या कडेला डझनभर बांधली असती. मधोमध दोनच, म्हणजे फक्त थकलेली राणी बदलायची होती त्यांना. वीस वर्षं माश्या पाळताय ना आपण?"

माहीत नव्हतं का मला? होतं की. पण त्याच सकाळी धाकट्या मुलाने, अमितने, बंगलोरला सॉफ्टवेअरची नोकरी घेतल्याचं सांगितलं. त्याला जाऊ नकोस म्हणता आलं नाही. तसाच गच्चीवर गेलो.

नख आज तीनदा धुतलं. इतक्या दिवसांनी त्या घरांतल्या रसाचा आंबूस वास कसा राहील? पण येतो.

अमित रविवारी गेला. माश्यांना तर कुठे जायचंच नव्हतं.