बेचाळीस घरं आणि माझा वाटा

तीर्थस्वरूप ताईस, साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या निम्माच, उरलेला भेटीत).

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचं ब्लडप्रेशर माझ्यामुळे वाढलं असं कळवलंस, तर त्यांना सांग, मी जामिनावर ठणठणीत आहे, उगाच जिवाला लावून घेऊ नका. गुन्हा शाबित झाला हे तुला कळलंच असेल. आता आम्हा तिघांपैकी कोणाचा वाटा किती, ते ठरवून कोर्ट शिक्षा देणार आहे.

धंदा तुला मीच सांगतो, कारण पेपरवाल्यांनी त्याची पार वाट लावली. लोक आमच्या साहेबाकडे पैसे गुंतवत. तुमचे पैसे अमुक घराच्या गहाणावर सुरक्षित आहेत, असं साहेब सांगे. मेहुणा (साहेबाचा, माझा नव्हे) गिऱ्हाईक आणी. घराचा पाहणी अहवाल मी लिही. अडचण एवढीच, की एकेक घर आठ-आठ जणांकडे गहाण होतं आणि बेचाळीस घरं तर मुळात नव्हतीच. ती बेचाळीस माझी. ताई, दुसरा कोणी असता तर 'तीन खोल्या, बरी अवस्था' लिहून मोकळा झाला असता. मी जिन्याला कठडा दिला, मोरीला उतार दिला, स्वयंपाकघरात पूर्वेला खिडकी ठेवली. पकडलो गेलो तोही त्या खिडकीपायीच. बेचाळीसच्या बेचाळीस घरांत ती पूर्वेलाच निघाली आणि तपास अधिकाऱ्याला संशय आला. (इतकं बारकाईने वाचणारा पहिलाच माणूस, असं मला तेव्हा वाटलं.)

परवा कोर्टात माझ्या वकीलबाई उठल्या आणि माझ्या देखत सांगू लागल्या, की आमचा अशील निव्वळ सांगकाम्या, साहेब बोट ठेवील तिथे सही करणारा, डोक्याने बेताचाच. माझे कान तापले. मग साहेबाचे वकील उठले. त्यांचं म्हणणं, साहेबाला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, सगळा डोलारा माझ्या अहवालांवर उभा होता आणि ते लिहायला असामान्य बुद्धी लागते. बावीस वर्षांत साहेबाने एकदा पाठ थोपटली नाही, ती त्याच्या वकिलाने भर कोर्टात थोपटली. मी मान डोलावली. वकीलबाईंनी कोपर मारलं. ते न्यायाधीशांनी पाहिलं आणि मलाच विचारलं, ही घरं नाहीत हे तुम्हाला ठाऊक होतं का? 'आठवत नाही' असं म्हणायचं ठरलं होतं. पण ताई, तुला माझा स्वभाव माहीत आहे.

"ठाऊक नसतं तर खिडक्या कोणी ठेवल्या असत्या, महाराज?"

कोर्ट हसलं. वकीलबाई हसल्या नाहीत. त्यांच्या मते एवढ्या एका वाक्याने शिक्षा दोन वर्षांवरून सातावर गेली. मेहुण्याला मात्र कोणी काही विचारलंच नाही, बिचारा कोट घालून आला होता.

भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद. (पेपरात मामाचं नाव पहिल्या पानावर आहे, साहेबाचं आत.)

तुझा धाकटा

ता. क. शिक्षा अठरा तारखेला. घरातल्या वडील माणसाने न्यायाधीशांना लिहून दिलं, की हा लहानपणापासून भोळसट, कोणीही सांगावं आणि याने करावं, तर अजून निभावेल म्हणे. तेवढं लिही. सात वर्षांची मला भीती वाटते.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार होतो, पण एक राहिलं. त्या दिवशी कोर्टाबाहेरच्या बाकावर एक रिटायर नर्सबाई बसल्या होत्या. त्यांचा सगळा फंड आमच्याकडे बुडाला. मला वाटलं, आता शिव्या देतील. त्यांनी पिशवीतून माझा अहवाल काढला, घड्यांवर विरलेला. "तुमच्या साहेबांना मी कधी पाहिलंसुद्धा नाही," म्हणाल्या, "हे वाचून पैसे दिले." मग विचारलं, हे घर कोणाचं पाहून लिहिलंत? असं घर कुठेतरी असेलच, असं त्यांना अजून वाटत होतं. तेव्हा वरचं ता. क. विसर. लिहायचंच तर एवढं लिही, की माझा भाऊ लहानपणापासून हुशार आहे आणि हे त्यानेच केलं.