मालडब्याच्या रंगाचा बैल

बाबा, परवा सकाळी माझ्या लाकडी बैलाच्या पाठीवरून रंगाचा एक मोठा पोपडा निघाला, आणि त्याखाली जे दिसलं ते तुमच्याशिवाय कुणाला सांगावं ते सुचेना. माय असती तर तिला सांगितलं असतं. पण तीही तुमच्यामागोमाग गेली. म्हणून लिहायला बसले आहे.

बैलापर्यंत मी कशी पोचले ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारपणी बाईला तान्हा पोळा सुचला. शाळेत चित्रकला शिकवायचं संपलं तेव्हापासून मी पत्र्याचे आणि पुठ्ठ्याचे मालडबे बनवते, वीतभर लांबीचे, चाकांवर चालणारे. मी लहान असताना तुमसर रोडच्या यार्डात मँगनीज भरून उभे असायचे ना, तेच. दारं, कड्या, बफर सगळं मनासारखं जमलं, रंग तेवढा जमेना. जुने फोटो काळेपांढरे, रंगीत आहेत ते पिवळे पडलेले. रेल्वेच्या पेन्शनरांना गाठलं, तर एक म्हणाला गेरू, दुसरा म्हणाला चॉकलेटी, तिसऱ्याने जांभळाची शपथ घेतली. तिघेही खरेच असतील, कारण ताजा रंगवलेला डबा वेगळा, दोन उन्हाळे खाल्लेला वेगळा आणि मँगनीजची काळी धूळ बसलेला तिसराच. दुकानातला माणूस शेवटी कंटाळून म्हणाला, "मॅडम, खेळन्याले एवढं कायले पायजे? लाल मारा न मोकळ्या व्हा." मला त्याचा रागच आला. तुम्ही ज्या डब्यांवर आयुष्य काढलंत, त्यांचा रंग मी अंदाजाने मारू? घरी येता येता आठवलं की तो रंग माझ्याच घरात आहे, फळीवरच्या बैलाच्या अंगावर.

तुम्ही आधी सिग्नलच्या केबिनमध्ये होता. लीव्हर ओढायचे, गाडीला झेंडी दाखवायची, आणि ड्युटीवरून येताना तुमची मान जरा ताठ असायची. मग टीबी झाला. गोळ्यांनी खोकला गेला, पण जाताना लाल आणि हिरवा घेऊन गेला. ताटातला टमाटा उचलून तुम्ही मायला विचारायचे, "हा कच्चा व्हय का पिकला?" डॉक्टर म्हणाले होते की गोळ्या बंद झाल्यावर काहींना पुन्हा रंग दिसायला लागतात. त्या 'काहींना' या एका शब्दावर आपलं घर तग धरून होतं. केबिन सुटली आणि तुम्हाला डबे रंगवायच्या शेडमध्ये दिलं, नुसते पांढरे आकडे लिहायला. पांढरं तुम्हाला दिसत होतं.

मला भाऊ नव्हता, त्यामुळे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं चाकाचे लाकडी बैल ओढत मिरवतात तेव्हा आपल्या घरातून मी जायची. शेडमध्ये तळाशी उरलेला रंग तुम्ही मुकादमाला विचारून आणायचे आणि बैलाला मालडब्याचा हात द्यायचे. त्याआधी मात्र जुना रंग काचकागदाने खसाखसा घासायचा. "घासल्याबिगर रंग धरत नाही वो बाई, पोपडे निघतेत," असं दर वर्षी ऐकवायचं. शेवटी बैलाच्या पोटावर पांढरा नंबर आणि रिकाम्या डब्याचं वजन. अख्ख्या वस्तीत वजन लिहिलेला बैल माझा एकटीचा. पोरं हसायची, आणि मी हसू द्यायची.

मग ते वर्ष आलं. पोळ्यानंतर तुम्हाला डोळे पुन्हा तपासायला नागपूरला जायचं होतं. पास झालात तर केबिन परत मिळणार होती. तुम्ही रंगाचे दोन डबे घेऊन आलात, एक मालडब्यांचा लालसर, एक क्वार्टरच्या खिडक्यांचा हिरवा. म्हणालात, "यंदा डबा मी माह्या मनानं काहाडतो. कोनी सांगाचं नाही." सकाळी पाहते तो बैल हिरवागार. तुम्ही हात पुसत विचारलंत, "कसा हाय वो बाई?" मी मायकडे पाहिलं. ती चुलीपाशी होती. तिने मान वर केली, बैलाकडे बघितलं आणि म्हणाली, "लाल हाय ना. झाक दिसून राहिला." तुम्ही सदरा बदलायला आत गेलात.

मला अजून दिसतं ते. माय करंज्यांची परात घेऊन रस्त्यावर उतरते. पोरं आधीच "हिरवा बैल, हिरवा बैल" करत जमली आहेत. ती दबक्या आवाजात म्हणते, "पोट्टेहो, जो लाल म्हनन त्याले दोन करंज्या." एक जण अडून बसतो, "पन काकू, हा तं हिरवा हाय." "मंग तुले एकच भेटन." तेवढ्यात तुम्ही दारात येता आणि सगळी रांग बेंबीच्या देठापासून ओरडते, "लाल बैल! लाल बैल!" तुम्ही हसता. आजारानंतर तुम्ही असे हसलेले मी पहिल्यांदाच पाहते.

नागपूरहून तुम्ही संध्याकाळच्या पॅसेंजरने परत आलात, ओट्यावर बसून बूट काढलेत आणि म्हणालात, "नाही जमलं." बस, एवढंच. पुढच्या पोळ्याला डबा मायने काढून दिला आणि बैल पुन्हा मालडब्याच्या रंगाचा झाला. त्यानंतर मी मोठी झाले, बैल फळीवर गेला. ऐंशीच्या दशकात तुम्ही गेलात. माय शेवटपर्यंत म्हणायची, "तुह्या बाबाले काई समजलं नाही. बरं झालं." मीही तेच धरून चालले होते.

परवा नमुन्यापुरता रंग खरवडावा म्हणून ब्लेड टेकवलं, तर तो वरचा रंग कांद्याच्या सालासारखा सुटून आला. खाली हिरवा, जसाच्या तसा, चकचकीत. मी बैल खिडकीशी नेला, उलटासुलटा केला. काचकागदाचा एक ओरखडा नाही. पोटावरचा पांढरा नंबरसुद्धा शाबूत. कानापाशी हिरव्याचा टवका उडाला आहे, तिथे त्याच्याही खालचा जुना रंग दिसतो, आणि तो मात्र नीट घासलेला आहे. म्हणजे तुम्ही सगळे हात घासलेत, तेवढा एक घासला नाहीत. तो पुसायचा नव्हता तुम्हाला.

बैल हिरवा आहे हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं, बाबा. आणि कळणार नाही तर काय? पोळ्यात बैलाचा रंग कधी कुणी ओरडून सांगतं का? आम्ही लाल म्हटलं म्हणून तुम्ही हसलात, आणि आम्ही लाल म्हटलं म्हणूनच नागपूरला गेलात. मायने हातावर दही घातलं, ते खाल्लंत, जेवणाचा डबा घेतलात, आणि काय होणार हे ठाऊक असताना गाडीत बसलात. मी बैल मांडीवर घेऊन पुष्कळ रडले. एवढ्या वर्षांनी रडायला लाजही वाटली नाही.

पोपड्याच्या आतल्या बाजूला ऊन कधी लागलंच नव्हतं. तो दुकानात नेला, त्याच्याशी रंग जुळवून घेतला आणि काल पहिला डबा रंगवला. गेरू नाही, चॉकलेटी नाही, जांभूळ तर नाहीच. यार्डातल्या ताज्या डब्याचा रंग आहे, तंतोतंत.

हे पत्र टाकणार तरी कुठे? बैल ठेवला आहे त्या फळीवरच राहील. बैलाचा उरलेला वरचा रंगही सुटून आला, आणि मी तो पुन्हा रंगवलेला नाही. काल शेजारची चिमुरडी आली आणि म्हणाली, "आजी, हा बैल हिरवा काहून?" बाबा, जन्मभर पोरांना रंग ओळखायला शिकवणारी मी, तिला म्हटलं, "लाल आहे, नीट बघ." तिने बैलाकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि जरा थांबून "लाल" म्हणाली. करंज्या घरात नव्हत्या. दोन बिस्किटं दिली.