छाती भरून आली

४ फेब्रुवारी

आली! मुंगी आली! दोन बॅगा, एक पुस्तकांची पिशवी आणि तोंड एवढंसं.

नात जन्मली तेव्हा तळहाताएवढी होती, म्हणून मीच मुंगी म्हटलं, ते चिकटलं. आता डॉक्टर व्हायला निघाली तरी मुंगीच. हॉस्टेल सोडून माझ्याकडे राहणार — महिनाभर. लेकाचा आधीच फोन, "आई, तिला काही विचारू नकोस." मी कशाला विचारू! मी फक्त एवढंच विचारलं की जेवलीस का, डोळे का सुजलेत, आणि परीक्षा झाली होती ना, मग ही पुस्तकं कसली.

पुस्तकांची पिशवी मीच उचलली. "आजी, ठेव ती! आजी!" ऐकते कोण. तीन मजले. दुसऱ्यावर शिंपीणबाईंच्या कुंड्यांपाशी जरा टेकले. वर पोचले तर ही माझ्या पलंगावर पाय पसरून आडवी, लहानपणी पडायची तश्शीच. छाती भरून आली अगदी. बोलता येईना. खुर्चीत बसूनच राहिले. केवढी माया असते माणसाच्या पोटात!

ही डायरी तिनेच दिली. औषधाच्या कंपनीची, तारखा छापलेल्या. दर पानाखाली एक हसणारं काळीज — कसल्याशा गोळीची जाहिरात. म्हणाली, "मी अभ्यासाला बसले की तू बोलत बसतेस. आता हिच्याशी बोल." मी तिसरी पास. जोडाक्षर आलं की हात टेकते. पण हे हसरं काळीज काय नावं ठेवणार मला!

५ फेब्रुवारी

कळलं सगळं. चहा पुढे ठेवला, गप्प बसले, आणि आपोआप बाहेर आलं. मी गप्प बसले की माणसं घाबरतात.

नापास झालीय. लेखी नाही — पेशंट तपासायच्या परीक्षेत. एक बाई दिली होती. हिने विचारलं, "दुखतंय का?" बाई म्हणाली, "नाही." हिने लिहून टाकलं, दुखत नाही. मग मोठे सर आले. त्यांनी बाईला विचारलं, तर ती म्हणते, "दुखत नाही हो, सलतंय. तीन महिने झाले, आत काहीतरी सलतंय." सर हिला म्हणाले, "पेशंटची भाषा येत नाही, मग काय पुस्तकाशी बोलणार आहात का, डॉक्टर?" बरोबरची पोरं हसली.

"मला खरंच कळलं नाही गं आजी. सलणं म्हणजे दुखणंच ना? मग दुखतंय का विचारलं तर नाही का म्हणाली?"

आता महिन्याने परत परीक्षा. त्यातही नापास झाली तर सोडून देणार म्हणते. एखाद्या लॅबमध्ये बाटल्या हलवत बसेन, बाटल्या बोलत तरी नाहीत!

मला काय हायसं वाटलं! हात्तिच्या, एवढंच? मला वाटलं आजारबिजार, नाहीतर कुणी फसवलं पोरीला. शब्दांचंच आहे ना? शब्द माझ्याकडे पोत्याने आहेत. सगळी शाळा त्या इंग्रजीतून केली, पोरीच्या कानावर पडणार कुठून? घरात ते दोघंही नोकरीवाले. दुखलं की गोळी खातात, बोलत नाहीत.

७ फेब्रुवारी

आजपासून मी पेशंट. रोज संध्याकाळी पाच ते सहा. ती टेबलामागे पांढरा कोट घालून, मी दारातून येते. पहिल्याच दिवशी असं कण्हले की घाबरून उठलीच. "आजी!!" म्हटलं, "बस गं, नाटक आहे."

"काय होतंय आजी?"

"आजी नाही, बाई म्हण. मी पेशंट आहे."

"बरं. काय होतंय, बाई?"

"दाढेत ठणका आहे."

"म्हणजे दुखतंय?"

"परत तेच! ठणका म्हणजे थांबत नाही तो. रात्रभर डोक्यात घण घातल्यासारखा. गळू झालं तर ठणका नाही, ठसठस. ती थांबून थांबून होते, नाडी उडते तशी."

वहीत लिहून घेतलं तिने! माझं बोलणं! डॉक्टरीण लिहून घेतेय आणि मी सांगतेय! माझ्या शाळेतल्या गुरुजींनी बघायला हवं होतं. मला कोपऱ्यात उभं करायचे.

१० फेब्रुवारी

भाजी घेऊन चढत होते, मनात आलं हिचं कसं होणार, आणि छाती भरून आली. जिन्यातच! पायरीवर बसले पाच मिनिटं. शिंपीणबाई डोकावल्या, "आजी, रोज माझी झाडं बघायला थांबता, एखाद दिवशी पाणी तरी घाला!" टोमणा मारल्याशिवाय सुई ओवता येत नाही त्या बाईला. वर मुंगीलाही ऐकू गेलं.

१३ फेब्रुवारी

आज कंबर घेतली. सणक वेगळी, चमक वेगळी, उसण वेगळी. सणक कमरेतून निघून थेट पायात जाते. चमक भरली की आहे तिथेच माणूस थिजतो. कळ येते आणि जाते — हिच्या बापाच्या वेळच्या कळा सांगायला बसले, ते तास संपून गेला. हात धुवायला गेलेली सुईण, आमचे हे दाराबाहेर गणिताचे पाढे म्हणत उभे — घाबरले की पाढे म्हणायचे. एकोणतीसचा म्हणेपर्यंत लेक बाहेर!

"आजी, हे परीक्षेत येणार नाही."

"कळ येईल की."

मग म्हणाली, "हातापायांना मुंग्या येतात का, बाई?" म्हटलं, "नाही हो डॉक्टर, मला एकच मुंगी येते, तीही नापास झाली की." हसली! आल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसली. उशी फेकून मारली मला.

१८ फेब्रुवारी

माझी छाती नळीने तपासली, सरावाला. मागून पुढून. "छान आहे आजी, घड्याळासारखं चालतंय." चला, सुटले.

२१ फेब्रुवारी

आज रागावले तिला. यादी पाठ करून घडाघडा विचारायला लागली — ठणका आहे का, सणक आहे का, कळ आहे का — भाजीवाला ओरडतो तशी. म्हटलं, असं नाही. बाई दुखणं सांगत नाही, काम सांगते. "हल्ली पीठ मळवत नाही" म्हणेल. "वेणी घालता येत नाही" म्हणेल, म्हणजे खांदा गेलाय. तू विचार, कोणतं काम करताना होतं? मग बघ कशी बोलते.

वहीचं नवं पान काढलं. मग ते सगळ्यात वर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. माझ्या वाक्याखाली!

२६ फेब्रुवारी

तिचा कोट धुतला. बादली घेऊन जिना चढून गच्चीत गेले, दोरीवर घातला. वाऱ्याने फुगला, बाह्या हलायला लागल्या, जणू आत कोणी आहे. आता हिला रोज असा कोट घालायला मिळू दे, एवढंच म्हणाले. छाती अशी भरून आली की कठड्याला धरून उभी राहिले. घाम फुटला. वारा असून! वय झालं की माणूस हळवं होतं.

२ मार्च

लेकाचा फोन. "आई, ती हसतेय म्हणे?" म्हटलं, हसतेय, भांडतेय, माझं दही चोरून खातेय. तिकडे बराच वेळ कोणी बोलेना. मग म्हणाला, "बरं." बापावर गेलाय. पाढे म्हणत असेल.

६ मार्च

झाली परीक्षा, निकाल आठवड्याने. सगळं लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

खालूनच ओरडत आली, "आजी! आजी!" मी धावत खाली. कुंड्यांपाशी गाठ पडली, मिठी मारली आणि तिथनं दोघी पळत वर. मुंगी एकामागोमाग सांगतेय, मला धाप लागलेली.

पेशंट म्हणून एक आजीच मिळाली तिला. तक्रार काय? "काही नाही गं, गावाकडची आठवण आली की छाती भरून येते." आधीच्या पोराने म्हणे लिहिलं, मन हळवं, आजार नाही. मुंगीही तेच लिहिणार होती. हात थांबला. विचारलं, "आजी, कोणतं काम करताना भरून येते?"

"पाण्याची कळशी उचलली की."

"बसून आठवण आली तर?"

बाई विचारात पडली. "बसून? बसून नाही येत."

मग सगळं निघालं. जिना चढलं की, ओझं उचललं की, घाम, आणि बसलं की जातं. हिने लिहिलं, काळजाला रक्त कमी पडतंय. सर आले, वाचलं, बाईला परत विचारलं, कागदांशी ताडून पाहिलं. मग हिला म्हणाले, "हे विचारायला कोणत्या पुस्तकात शिकलात, डॉक्टर?"

ही म्हणाली, "आमच्या घरी एक बाई येतात, सर. रोज पाच ते सहा."

मी म्हटलं, "अगं, ऐकून माझीच छाती भरून आली बघ!" खरंच आली होती. खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते.

मुंगी बोलायची थांबली. तोंड तसंच उघडं. माझ्याकडे बघत राहिली. मग खाली जिन्याकडे बघितलं. मग परत माझ्याकडे.

हळूच म्हणाली, "आजी — तू शिंपीणबाईंची झाडं का बघतेस गं?"

१० मार्च

खाट नंबर अकरा. खिडकी आहे, बरं आहे.

परवा इथल्या डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून होतंय? म्हटलं, असेल थोडे दिवस, काही होत नाही मला, माया आहे नुसती. मुंगी म्हणाली, "आजी, खरं." काय करते! पिशवीतून ही वही काढली. खाजगी, माझी!

सगळी वाचली तिने. बोट ठेवून मोजलं. चार ठिकाणी "छाती भरून आली" लिहिलंय, आणि चारही वेळा जिना. रोज पाच ते सहा तिच्यासमोर बसून बोलले, ती पहिल्यांदा हसली, तेव्हा एकदाही नाही! तेव्हा माया कुठे गेली होती?

तीन मोठे डॉक्टर गोळा झाले. माझं अक्षर वाचायला!

मनगटातून बारीक तार घातली, आत एक इवलीशी जाळी बसवली. काळजाची एक वाट जवळजवळ बंद होती म्हणे. "थोडक्यात वाचलात" म्हणाले. मुंगी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडली, दाराच्या काचेतून दिसत होती. आत आल्यावर मला रागावली, "बाकी सगळी दुखणी शिकवलीस, हे का नाही?"

"हे कुठे दुखणं होतं!"

शिंपीणबाई येऊन गेल्या. एक कुंडी आणलीय. "घ्या, घरातच बघा." वहीत त्यांच्याबद्दल लिहिलेलं मुंगीने सांगितलं तर नसेल ना?

१३ मार्च

घरी सोडायच्या आधी व्यायामवाल्या बाईंनी जिना चढवून बघितला. वीस पायऱ्या. मधे थांबले नाही. वर मुंगी, हातात फोन, आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं — "पास!!"

डोळे भरून आले. छाती चाचपून बघितली. नाही — नुसते डोळे.