पळणाऱ्यांच्या मागची गाडी

प्रिय क्वामेना,

कसा आहेस, हे मी विचारणार नाही. तू मजेत आहेस म्हणशील आणि ते खोटं वाचायची माझी तयारी नाही. मान्साचा परवा फोन आला होता. नवऱ्याची तक्रार थोरल्या नणंदेकडे करायची पाळी तुझ्या बायकोवर यावी, आणि तीही सव्वीस वर्षांच्या संसारानंतर, याचं तुला काहीच वाटत नसेल तर कमाल आहे. बिचारी म्हणाली, "ताई, मी बोलून बोलून थकले. आता तुम्हीच बघा." अंगठ्याची जखम भरायला चार महिने लागले, हे तू मला सांगितलंच नव्हतंस. मला सांगितलंस की बूट चावला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय म्हणे, रोज अर्धा तास चालायचं, साखर खाली आणायची, नाहीतर पुढच्या खेपेला मलमपट्टी नाही, अंगठा काढावा लागेल, आणि ते अंगठ्यावरच थांबेल याचा भरवसा नाही.

मग मान्साने सांगितलं की तू शनिवारच्या व्यायाम मंडळात नाव घातलंयस. मला इतका आनंद झाला की मी आपल्या बहिणीला, एसीला, लगेच कळवलं आणि रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर तुझ्यासाठी प्रार्थना करून घेतली. वर मक्याची केंकी आणि तळलेली मासळी वाटली ती वेगळीच. संध्याकाळी मान्साने फोटो पाठवला. कुमासीचा तो चढाचा रस्ता, पिवळे सदरे घातलेली साठ माणसं गात, टाळ्या वाजवत पळताहेत, ढोलवाले पळताहेत, सत्तरीची एक बाई चक्क पुढे पळतेय. आणि सगळ्यांच्या मागे पाण्याच्या पिशव्यांची गाडी, आणि तिच्यात पुढच्या सीटवर तसाच पिवळा सदरा घालून तू. हातात भोंगा. मान्सा म्हणाली, "यांना पेट्रन केलंय त्यांनी. गाडी यांचीच आहे ना." मी कपाळावर हात मारून घेतला. अख्ख्या मंडळात पाय हलवायची सक्ती डॉक्टरांनी एकट्या तुझ्यावर केलेली, आणि बसलेला एकटा तूच. वर लोकांना ओरडून सांगतोस, जोर लावा म्हणून.

मागच्या नाताळात सेकोंडीला आलास तेव्हा समोरच्या टपरीवरून ब्रेड आणायला तू गाडी काढलीस, आठवतं का? चाळीस पावलं. मी खिडकीतून मोजली होती. टपरीवालीने काचेतून ब्रेड आत दिला आणि तू मोठ्या साहेबासारखी मान हलवलीस. एसी हसून लोळत होती. मला हसू आलं नाही. पापा या वयात रेल्वेच्या वर्कशॉपला सायकलवर जायचे, हे तुला सुनवायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण पापांचं नाव काढलं की तू जेवण अर्धं टाकून उठतोस, म्हणून गप्प बसले.

आम्ही दोघी बहिणी काही फार शहाण्या आहोत असं नाही. एसी शाळेचे तीन मजले दिवसातून दहादा चढते आणि मी बाजारात पायी जाऊन पायीच येते, ते कुणा डॉक्टरला घाबरून नाही. आम्हाला बसवतच नाही. रेल्वे क्वार्टर्सच्या अंगणात रोज संध्याकाळी आंपे, तो मुलींचा उड्यांचा खेळ, खेळून खेळून पायांना जी खोड लागली ती गेली नाही. ईस्टरच्या सोमवारी चर्चची सहल समुद्रावर गेली होती, तिथे आम्ही बायका खेळलो. साठीला टेकलेल्या बायका, लेसचे चांगले झगे खोचून, टाळ्या वाजवत, उड्या मारत. मी बावन्न वर्षांची, गुडघा दुखतो, तरी उडी मारल्यावर पाय आपोआप पुढे गेला. समोरचीचा पाय माझ्या पायाशी जुळला की गुण माझा, नाही जुळला की तिचा, हे मला आता विचार करून खेळावंच लागत नाही. सलग सात गुण घेतले. पाद्रीबुवासुद्धा बघत उभे राहिले.

घरी येताना एसी म्हणाली, "आपल्यात सगळ्यात चांगला आंपे क्वामेना खेळायचा." खरं आहे ते. तू उडी मारायचास आणि समोरचीचा कुठला पाय पडणार हे तुला ती हवेत असतानाच कळायचं. नऊ वर्षांचा होतास. हडकुळा, सतत उड्या मारणारा, जेवायला बसवायचं तर आईच्या नाकी नऊ यायचे. आणि मग पापांनी एका संध्याकाळी सगळ्यांदेखत कान धरून तुला अंगणातून नेलं, मुलींत नाचतोस का म्हणून छडीने मारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून रुळांपलीकडच्या मैदानावर पोरांच्या फुटबॉलमध्ये गोलकीपर म्हणून उभं केलं. ती पोरं तुला बाई म्हणायची आणि मुद्दाम तोंडावर चेंडू मारायची. वर्षभर तू रोज सुजलेल्या तोंडाने घरी यायचास. त्यानंतर तू शाळेच्या खेळांना पोटदुखीची चिठ्ठी नेऊ लागलास, मग दम्याची. तुला दमा कधीच नव्हता. तू बसलास तो बसलासच, आणि आम्ही तुला आळशी म्हणत राहिलो. आत्ता वरचे परिच्छेद लिहितानाही मी तेच केलं.

पापांचे कान भरले ते शेजारच्या कुकुआमावशीने, हे तू धरून चाललास, कारण ती नेहमी कुंपणाशी उभी असायची. तीन वर्षांपूर्वी मावशी गेली. सगळी वसाहत सुतकाच्या काळ्या-तांबड्या कपड्यांत जमली आणि तू आला नाहीस. तिच्या मुलींनी मला विचारलं, "क्वामेना कुठाय? आई त्याला किती जपायची." तू कामात अडकलायस असं मी सांगितलं. प्रेताशेजारी उभं राहून सांगितलं.

क्वामेना, मावशीने काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. त्या संध्याकाळी तू मला सगळ्या मुलींसमोर हरवलंस, दहा गुण, माझा एकही नाही, आणि त्या माझ्यावर हसल्या. मी तेरा वर्षांची होते आणि मला ते सहन झालं नाही. पापा नुकतेच कामावरून आले होते. मी आत जाऊन म्हटलं, "तुमच्या मुलाला लोक बाई म्हणतात, तुम्हाला माहीत आहे का?" तोवर तुला कुणीच बाई म्हणत नव्हतं. पापा गेले, आई गेली, मावशी गेली आणि मी एकोणचाळीस वर्षं तोंड उघडलं नाही. परवा मान्सा तुझा पाय कापण्याबद्दल बोलायला लागली तेव्हा ठरवलं, आता सांगायचं. मी शुक्रवारच्या बसने कुमासीला येतेय. शनिवारी पहाटे तुझ्या फाटकाशी उभी असेन. घरात घेऊ नकोस, माझ्याशी बोलू नकोस, जन्मभर बोलू नकोस, मला ते मान्य आहे. हवं तर माझ्या पुढे वीस पावलं राहा आणि मागे वळून बघू नकोस. पण चाल.

तुझीच ताई,
अराबा