बोर्डाच्या कोपऱ्यातली सही

आप्पा, तुमची सही परवा लेकीच्या लॅपटॉपवर बघितली. बोर्ड रंगवून झाला की उजव्या कोपऱ्यात मारत होता तीच, शेवटाला शेपटी ओढलेली. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, आणि सही ताजी. फक्त तो बोर्ड तुम्ही कधी रंगवलेला नाही.

माझी पोरगी बेळगावात डिझाइनच्या कॉलेजात शिकते. तिनं तुमच्या जुन्या बोर्डांचे फोटो त्या एआयला दाखवले आणि सांगितलं, असल्या अक्षरात चहाच्या दुकानाचा बोर्ड कर. भाकरी थापायच्या आत त्यानं केला. वर कन्नड, खाली मराठी, अक्षरांना तुमची लाल सावली. सही कुणी मागितली नव्हती. त्याला वाटलं असणार, अक्षराला वेलांटी तशी बोर्डाला सही. वाचायला जावं तर वाचता येत नाही, नुसता आकार तुमचा. दारात ओळखीचा माणूस दिसावा आणि जवळ गेल्यावर त्याला तोंडच नसावं, तसं झालं मला.

“कुणी केलं हे?”

“मीच की.”

“तू? तू तर चहा पीत बसलीस.”

“अगं, त्याला सांगितलं कुणी? किती येळा नको म्हटलं, बदलून घेतलं.”

“सांगतोय तो मुकादम. मुकादम कधी विडी वळतोय व्हय?”

ती हसली. सोमवारी तिला ते मास्तरांपुढं ठेवायचं आहे, खाली स्वतःचं नाव घालून, आणि नाव घालायला तिचा हात होईना. पुसून टाक ती सही, म्हटलं, तर म्हणते, “पुसली की चोरी केल्यागत वाटतंय. ठेवली तर आज्जांच्या नावानं खोटं. आणि आई, ते माझं वाटतच न्हाय गं. पण माझं न्हाय म्हटलं की रडू येतंय.” असल्या रडण्यावर माझा विश्वास नाही. आपलं काम कुठलं, हे माणसाला दुसऱ्याला विचारावं लागतं का?

मग तिनं विचारलं, आज्जा काय करायचे आणि तू काय करायचीस. सांगून बसले. चौथीत शाळा सोडवून तुम्ही मला पत्र्यापुढं बसवलंत. निपाणीत, तंबाखूच्या वखारींच्या गल्लीत, शिंका थांबायच्या नाहीत. तुम्ही खडूनं कडा आखायच्या, मी आत रंग भरायचा. कडेबाहेर गेलं की ब्रशची दांडी बोटांवर. एकदा तुमच्या सहीखाली माझं नाव घालायला मी हळूच ब्रश टेकवला, तर तुम्ही मनगट धरलंत. “भरणाऱ्याचं नाव नसतंय गं बाई. ज्यानं आखलं त्याचं.” रागानं नाही, भजी खात खात म्हणालात.

पोरगी म्हणाली, “म्हणजे मी आखणारी. आणि मशीन म्हणजे तू.”

आप्पा, थोबाडीत द्यावी वाटलं. तिला का तुम्हाला, ते कळेना.

“मशीनची बोटं सुजत न्हाईत,” म्हटलं.

“मग खरं सांग. आज्जांचे बोर्ड तुला कधी तुझे वाटले?”

ती गंमत करत नव्हती. माझ्या उत्तरावर तिचं नाव अडकलं होतं, ते मला दिसत होतं.

“न्हाय,” म्हटलं. “आप्पांचेच ते.”

तिनं सही पुसली, तिथं आपलं नाव टाइप केलं. खुशीत नाही, हिशोब एकदाचा सुटल्यासारखं. मला त्या यंत्राचा संशय आहे, आणि इतक्या पटकन पटलं म्हणून तिचाही.

हा कागद तुम्हाला पोचायचा नाही, आणि पोरीच्या हाती मी लागू देणार नाही. वाचला तर सोमवारच्या आत ती टाकलेलं नाव पुसायला बसेल. निपाणीत तुमचा एकच बोर्ड उरलाय, स्टँडसमोरच्या कापडदुकानाचा. बसनं कोल्हापूरला जाताना मी मुद्दाम त्या बाजूची खिडकी धरते. तुम्ही आखलेल्या कडांकडं माझं लक्ष जात नाही. एका अक्षराच्या पोटात निळा रंग मी खाली दाट, वर फिका नेलाय, तुम्ही सांगितलं नव्हतं तसा. तो बघते. गेल्या खेपेला शेजारच्या अनोळखी बाईला कोपरानं ढोसून म्हटलं, “तो बोर्ड बघा की. माझा हाय.”